कडी काढण्याइतका वेळ

द्रौपदीबाई रात्री दाराला कडी लावू देत नसत. घाटकोपरच्या चाळीत तळमजल्यावर राहत होत्या तोवर त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण चाळीच्या जागी टॉवर झाला, नवव्या मजल्यावर घर मिळालं, आणि बाईंनी तिथेही उंबऱ्यापाशीच अंथरूण घातलं. उशाशी उपडा तांब्या, त्यावर वाटी. जमीन हलली की वाटी वाजणार, असा त्यांचा हिशेब. एकदा दुपारी शेजाऱ्यांनी फरशी फोडायला घेतली, तर बाईंनी सगळं घर जिन्यात आणून उभं केलं.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. किल्लारीच्या भूकंपात त्यांची थोरली मुलगी माणिक गेली. त्या रात्री उकडत होतं म्हणून बाई अंगणात निजल्या होत्या. माणिक आत आजीपाशी, दाराला आतून कडी. दगडी भिंत खचली, चौकट दबली, बाईंनी धडका मारल्या तरी दार उघडलं नाही. पुढे मुंबईत आल्या, गुजराती घरांत रोट्या लाटल्या, लेकाला, आकाशला शिकवलं. त्या दाराबद्दल मात्र कधी कोणाशी धड बोलल्या नाहीत.

सुनेचं, सपनाचंही काही चूक नव्हतं. मजल्यावर दोनदा चोरी झाली होती. त्यातच रांगायला लागलेली तिची उत्तरा एका सकाळी थेट लिफ्टपाशी सापडली. सपनाने बॅग काढली.

"आई, कडी लागणार नसेल तर मी लेकीला घेऊन मुलुंडला माहेरी चालले. राग मानू नका."

नात जाणार म्हटल्यावर बाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं. आकाश त्यांचा फोन घेऊन शेजारी बसला.

"हे बघ आई. चार्जिंगला लावून ठेवलेल्या फोनला जमिनीचा धक्का कळतो. एका भागातले पुष्कळ फोन एकदम थरथरले, की लांबच्या लोकांच्या फोनवर भोंगा वाजतो. धक्का पोचायच्या आधी."

"म्हंजी माझी वाटीच की."

"वाटीच. पण ह्या वाट्या एकमेकींना सांगतात."

बाईंनी लगेच फोन कमरेला खोचला. आकाशने तो काढून जमिनीवर ठेवला. "असा नाही गं. हलता फोन कामाचा नाही, पडून राहू दे."

"कडी काढण्याइतका येळ मिळंल?"

"लांबून आला तर मिळेल. नक्की कसं सांगू?"

"आन् जिथं पहिल्यांदा हलतंय, त्यांना?"

आकाशला खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण आईसमोर जमेना. "त्यांना नाही मिळत गं. त्यांच्या फोनमुळे बाकीच्यांना मिळतो."

बाईंनी उत्तराच्या केसांतून हात फिरवला. मग त्यांनी गावी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"जानकी, बॅटरी वाचवायला रातच्याला फोन बंद करून पेटीत टाकतीस ना? टाकू नगंस. चार्जिंगला लाव, भुईवर ठेव. तिकडं हललं की हितं आमाला कळतंय."

"आन् मला गं, अक्का?"



"तू अंगणातच नीज," बाई म्हणाल्या.

त्या रात्री बाईंनी स्वतःच्या हाताने कडी लावली. मग निघते का म्हणून काढून पाहिली. निघाली. पुन्हा लावली.