पासष्टीच्या अलीकडे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नरखेडला, आमच्या संत्र्याच्या बागेत होते. "हे गेले," एवढंच ती बोलली. मला धक्का बसला नाही. चार महिने मी त्याच फोनला भीत होते...

दादा विमान चालवायचा. नागपुरातल्या आमच्या वस्तीतला पहिला वैमानिक. चौसष्टी उलटली, तरी पासष्टाव्या वर्षी कॉकपिट सोडायचं हे त्याला सोसवत नव्हतं. वयाची मर्यादा सदुसष्ट करायची चर्चा सुरू झाली, तेव्हा मागणी करणाऱ्यांत तो पुढे होता. "डॉक्टर मले पास करून राहिले वं. मंग वयाचं काय घेऊन बसले हे?" मलाही ते पटायचं.

उन्हाळ्यात तो मला गाडीने बागेत सोडायला निघाला. काटोलच्या पुढे रस्ता वळला, गाडी वळली नाही. दादाचे डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पण तो तिथे नव्हताच. मी किंचाळले, स्टिअरिंग ओढलं. गाडी कडेच्या मुरमात रुतून बंद पडली.

"काहून ओरडली वं?" त्यानेच मला विचारलं.

मी सांगितलं. मग भीत भीत म्हटलं, "हे आधी कधी झालं होतं का?"

तो समोर बघतच बोलला. "हिवाळ्यात... नागपूरले उतरताना. धावपट्टी दिसून राहिली होती. मंग एकदम शेजारच्या पायलट पोरीचा आवाज आला, सर, विमान माझ्याकडे आहे. मधलं मले काहीच आठवत नाही. विमान तिनंच उतरवलं. थकलो होतो, असं सांगितलं तिले."

त्या विमानात मागे वहिनी बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच कंपनीला कळवलं आणि उडणं थांबवलं. मेंदूत गाठ निघाली. आजारपणात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, सदुसष्टचं जमेल असं दिसतंय, लवकर बरे व्हा. दादा म्हणाला, "होऊ द्या गा. मले त्याच्यात नका धरू."

त्याचं घर विमानतळाजवळ. शेवटी शेवटी तो संध्याकाळी गच्चीवर बसायचा. उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की बोलणं अर्धवट सोडायचा, आणि धावपट्टीवरची घरघर कानी आली की मगच पुढचा शब्द.

परवा वहिनी आणि मी तिथेच चहा घेत होतो. हिवाळ्यातली ती गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. विमान आलं, घरांच्या आड गेलं. आम्ही दोघीही गप्प झालो. वहिनीचा कप हातातच राहिला.

घरघर यायला जरा उशीरच लागला...