पेट्यांच्या बाहेरची टेकडी

दोन हजारनंतरच्या त्या दशकात मी मॉन्ट्रियलच्या एका विद्यापीठात, वनस्पतींच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. दर उन्हाळ्यात आमचे सर आणि मी क्वेबेकच्या पार उत्तरेला, जिथे झाडं संपतात तिथे जायचो. विमानाचं बुकिंग, खाण्याचे डबे, डासांच्या जाळ्या, सगळं माझ्याकडे. सर मूळ नागपूरचे, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, निवृत्तीला टेकलेले. टुंड्रा बघायला लोक हौसेने येतात म्हणे. मला ती पहिल्या दिवसापासून ओल्या पायपुसण्यासारखी वाटली. घोट्याएवढी झुडपं, शेवाळ, दगड आणि रात्रीही पुरता न जाणारा उजेड.

काम, आम्ही उतरायचो त्या गावामागच्या टेकडीवर. पारदर्शक प्लास्टिकच्या, वरून उघड्या पेट्या झुडपांभोवती ठेवलेल्या. आत हवा जरा गरम राहते. हवामान तापलं की इथली झुडपं काय करतील, ते त्यामुळे आजच दिसावं ही कल्पना. प्रत्येक पेटीशेजारी तेवढाच एक मोकळा चौकोन, दोरी लावून राखलेला, तुलनेसाठी. त्यात कुणाचा पाय पडला तर सर ओरडायचे.

त्याच टेकडीवर आमची घरमालकीण ऑगस्टमध्ये फळं वेचायची. इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ लोकांतली बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. जमिनीलगतच्या झुडपांना मिरीपेक्षा थोडी मोठी काळी फळं येतात. ती बादल्या भरून आणायची आणि फ्रीझर भरला की मगच हिवाळ्याला तयार व्हायची. गावातल्या दुकानात विमानाने आलेली सफरचंदं मिळत, सुरकुतलेली. ती त्यांना हातही लावत नसे. मला ती 'बॉक्स लेडी' म्हणायची.

एका वर्षी पोचलो त्या संध्याकाळी सूप वाढताना ती म्हणाली, "जानेवारीत पाऊस पडला. टेकडीवरचा बर्फ वाहून गेला. मग गारठा आला."

"टेकडी कशी आहे?" सरांनी विचारलं.

"तपकिरी. मेली की झोपलीय ते तुम्ही सांगा. एवढी वर्षं खोके ठेवताय. ऑगस्टला बादली काढू की नको, एवढंच मला कळू दे."

सकाळी वर गेलो. पहिली पेटी हिरवीगार. "पाहा, काय वाढून राहिलं," सर खूश. दुसरी हिरवी, तिसरीही. मी बाहेर बघत होते. उतार संपेपर्यंत टेकडी तपकिरी होती, चहाचा चोथा पसरावा तशी. हिरवी होती ती फक्त आमच्या पेट्यांची ठिगळं.

"सर, बाहेर बघा."

"उशीर झाला असेल फुटायला."

"सर, आत फुटलंय."

मी गुडघ्यांवर बसले, दोरीच्या आत हात घातला आणि एक फांदी नखाने खरवडली. मॉन्ट्रियलच्या आम्ही सगळ्या मराठी बायका हिवाळ्यात खिडकीतल्या कढीपत्त्याला हेच करतो. खाली हिरवं दिसलं तर पाणी घालायचं, नाही तर कुंडी रिकामी करायची. इथे खाली तपकिरी होतं, कोरडं. पुढच्या फांदीतही तेच. चौकोनाला हात लावला म्हणून सरांनी ओरडायला हवं होतं. ते म्हणाले, "अजून एक बघा नं." दुपारपर्यंत मी खरवडत होते. नखाखाली नुसता भुसा.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. या पेट्या उन्हाळ्यात ऊब धरतात, तसा हिवाळ्यात बर्फही धरतात. पावसाने बाकीच्या टेकडीवरचा बर्फ धुऊन नेला, पेट्यांतला बर्फ थोडा टिकला आणि गारठा आला तेव्हा तेवढ्याच झुडपांवर पांघरूण होतं. म्हणजे निदान पेट्यांत जुनी टेकडी वाचली, असं मला वाटलं.

घरमालकीण दुपारी तिच्या जाड चाकांच्या एटीव्हीवरून वर आली. "काय?"

"मेलीय," मी सांगितलं.

सर म्हणाले, मुळं जिवंत असतील, दोन-तीन वर्षं थांबून बघावं लागेल.

"तोवर काय खाऊ, तुमचा डाळभात?" असं म्हणून ती सरळ पेटीवर वाकली आणि पानं हाताने बाजूला केली. ती पानं फळांच्या झुडपाची नव्हती, बर्च नावाच्या बुटक्या झाडाची होती. इतक्या वर्षांच्या उबेत तो गुडघ्याएवढा झाला होता. त्याच्या सावलीत फळांचं झुडूप होतं, पण फिकट, लांबुडकं, एकही कच्चं फळ नसलेलं. तिने दुसरी पेटी बघितली, तिसरीही.

"इथेही नाही," ती म्हणाली. सरांनी टोपी सारखी केली.

मग ती मला म्हणाली, "बस मागे."

ओढ्यापलीकडे, टेकडीच्या उत्तर अंगाला, एका खोलगट जागी जुलैतही मळका बर्फ होता. त्याच्या कडेने झुडपं, आणि झुडपांना कच्च्या फळांच्या हिरव्या गोळ्या. सगळी मिळून आमच्या स्वयंपाकघराएवढी जागा. मी सवयीने बसून खरवडलं. साल निघाली आणि खाली ओलं हिरवं. तिने माझा हात धरून बाजूला केला.

"पुरे. त्याला सांगू नकोस."

"का?"

"तो खोके आणेल."

आणलेच असते. पेट्या, दोऱ्या, पुढच्या वर्षी विद्यार्थी, आणि एका उन्हाळ्यात निम्मी जागा बुटांखाली. पण टेकडीवर जिवंत काय उरलंय ते नोंदवणं हेच माझं काम होतं, त्याचाच पगार मिळत होता. परतताना वाऱ्यात बोलता येत नव्हतं, ते बरं झालं. ती जागा त्या मळक्या बर्फावर जगत होती. पुढच्या हिवाळ्यात तिथेही पाऊस पोचला, तर पेट्या आणल्या काय आणि गप्प बसलं काय.

पोचलो तेव्हा सर एका मोकळ्या चौकोनाची दोरी सोडत होते. तुलनेला काही उरलंच नव्हतं, तर राखायचं काय?

"काही होतं का तिकडं?"

"बर्फ आहे अजून."

"आणि झुडपं?"

"पेटी ठेवण्यासारखं काही नाही, सर."

त्यांनी एकदा ओढ्याकडे बघितलं. मग दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. मी ते गुंडाळायला घेतलं आणि आम्ही पुढच्या चौकोनाकडे गेलो, सरळ चौकोनामधून, मेलेल्या झुडपांवर पाय देत.