मापाऱ्यांचा कच्चा डाव

राईच्या मिठागरावर मीठ मोजणारे एक मापारी होते; बुद्धिबळात ते चौथ्या खेळीला आपला घोडा मरायला देत. पांढरी मोहरी हाती आली की शत्रूचं एक प्यादं घ्यायचं आणि त्या बदल्यात घोडा सोडायचा, हा त्यांचा नेम. मग ते मधली दोन प्यादी पुढे रेटत आणि समोरच्याचे दोन्ही घोडे हाकलत मागच्या घरात नेऊन कोंडत. मी राईच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, त्या वर्षी त्यांनी मला ओळीने अकरा वेळा असं हरवलं.

पुस्तकं वाचून खेळणारे या डावाला हसत. डाव कच्चा आहे हे मापाऱ्यांनाही ठाऊक होतं. तो नेमका कुठे तुटतो, तेच ते शोधत होते. मीठ भरून गाड्या गेल्या की ते शेडमध्ये पट मांडत आणि काळ्याचं प्रत्येक उत्तर वहीत लिहून काढत. "फुकट गावलेला घोरा संभालता संभालता मानसाचा राजा जातो, मास्तर," असं ते म्हणायचे.

एका मासिकातून त्यांना रत्नागिरीच्या एका वकिलांचा पत्ता मिळाला. दोघे पोस्टकार्डांवर खेळू लागले. एका कार्डावर एक खेळी आणि खाली हवापाण्याच्या दोन ओळी. वकिलांचा खेळ चांगला होता, पण या डावापुढे ते हटकून हरत. मापारी ती कार्डं आम्हाला वाचून दाखवत.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि एके दिवशी ठाण्याहून फौजदार आले. कार्डांवरची अक्षरं आणि आकडे पाहून कुणाला तरी ती गुप्त भाषा वाटली होती. मापाऱ्यांनी त्यांना पटासमोर बसवलं. फौजदारांनी घोडा घेतला आणि सतराव्या खेळीला मात खाल्ली. "खेळ आहे हे पटलं," ते टोपी उचलत म्हणाले, "पण पत्रं बंद ठेवा."

पत्रं बंद झाली, तेव्हा मापारी पटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसू लागले. काळ्याच्या बाजूने पाहताना त्यांना एक दिवस उत्तर सापडलं. मिळालेला घोडा काळ्याने वेळीच परत द्यायचा. मग पांढऱ्याच्या हाती काही उरत नाही. मला त्यांनी ते तीनदा मांडून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"वकिलांना सांगू नका," मी म्हणालो.

"सांगाला पायजे. त्यो मानूस माज्याशी सरल खेलतो."

युद्ध संपल्यावर पहिलं कार्ड त्यांनी तेच लिहिलं. वकिलांचं उत्तर आलं: "हे मला आपल्या तिसऱ्या डावातच दिसलं होतं. पण घोडा परत केला असता तर आपण हा डाव सोडला असता, आणि कदाचित पत्रंही."

मापारी भडकले. "म्हंजे इतकी वर्सं मना जिंकवत व्हता?" दिवाळीनंतर बोटी सुरू झाल्या तसे ते रत्नागिरीला गेले, जाब विचारायला.

पंधरा दिवसांनी परत आले ते शांत होऊन. वकिलांची दृष्टी युद्धाच्या काळातच गेली होती. कार्ड सुनेने वाचून दाखवलं होतं, उत्तरही तिनेच लिहिलं होतं. "मी खेली बोलायचो, त्यो बोटांनी चाचपून खेलायचा," मापारी म्हणाले. "मना येक डाव जिंकू दिला न्हाय."

मिठागराची नोकरी सोडून ते पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रत्नागिरीला गेले आणि तिथेच राहिले. दीड वर्षाने वकील वारले, तेव्हा राईला परतले. आपला पट वकिलांच्या सुनेकडेच ठेवून आले होते. मी शाळेतला बुद्धिबळाचा पट घेऊन त्यांच्या ओटीवर गेलो. त्यांनी मला चहा दिला, मुलांची चौकशी केली.

"खेललो, मास्तर," ते म्हणाले. "पोटभर खेललो."

त्यानंतर त्यांनी मोहऱ्याला हात लावलेला मी पाहिला नाही.