मातीपर्यंत न पोचलेलं मूळ

अमरावतीच्या राजापेठेतल्या गाडीवर गिलावडा (दह्यात भिजवलेला वडा) खाऊन अकोल्याच्या एसटीत बसले, तेव्हा मला कुणाचाच राग नव्हता. काळ्या मातीत आणि मुरुमात मुळं किती खोल जातात, एवढंच कॉलेजच्या प्रकल्पासाठी पाहून यायचं होतं. मुरुमासाठी सरांनी धारणीकडचं एक गाव सुचवलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सर सांगतील ते खरं, असं मला वाटायचं.

अकोल्याजवळच्या एका वावरात (शेतात) शेततळं खणणं चालू होतं. मी तळाशी उतरले. काठावरची तूर माझ्या डोक्याच्या पार वर, आणि तिचं मूळ काळ्या भिंतीतून माझ्या कमरेपर्यंत आलेलं.

वावराचे मालक वरून ओरडले, "काय शोधून राहिली वं पोरी? सोनं हाय का?"

"मूळ मोजून राहिली, काका."

"मूळ मोजून कोनती नोकरी भेटते?"

दोघंही हसलो.

धारणीच्या वाटेवर घाटात बस बंद पडली. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत सागाची मुळं दिसत होती. मुरुमात ती आडवी पसरली होती, पण एक मात्र खडकाच्या फटीतून पापडासारखं चपटं होऊन खाली उतरलं होतं. म्हणजे मुरुमातही मूळ खाली जातं, असं मी वहीत लिहिलं.

गावात अंगणवाडीसमोर कडुनिंबाच्या रोपांची रांग होती, सगळी वाळलेली. तिथल्या मदतनीस मुन्नीबाईंनी आधी कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात वाढला, मग बोलल्या.

"पूरा उन्हाळा डोक्यावर पानी आनलं. सरपंच म्हनते, रोपाले टाकलंच नाही. आता मले कामावरून काढून राहिले."

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "मुरुमात मुळं जात नाहीत, असं लिही आणि परत ये."

पण मी एक रोप उकरलं. मातीतून अख्खी प्लॅस्टिकची पिशवी वर आली. आत मूळ चुंबळीसारखं गोल गोल फिरलेलं. दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. तेच.

"लावताना मले हात लावू देल्ला नाही," मुन्नीबाई म्हणाल्या. "फोटो काहाडत होते."

आम्ही रोपं घेऊन सरपंचांच्या ओसरीवर गेलो. मी कॉलेजचं आणि सरांचं नाव सांगितलं, रोपं पुढं ठेवली आणि म्हणाले, "बाईंनी पाणी घातलंय. लावणाऱ्यांनी पिशवीच फाडली नाही. मूळ मुरुमापर्यंत पोचलंच नाही."

सरपंचांनी पिशवी उलटसुलट पाहिली. "लावनारे तुमच्याच कॉलेजचे होते, बाई. तुमचे सरच पुढं होते."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. याच गावाला मला का धाडलं, ते आता कळलं: दोष मुरुमाचा, असं माझ्या हातून लिहून घ्यायचं होतं.

"मग मीच सांगते," मी म्हणाले. "ग्रामसभेत बोलवा, येते. पण यांना काढू नका."

सरपंच मुन्नीबाईंकडे न पाहता म्हणाले, "उद्या कामावर ये."

परतवाड्यावरून येताना एक रोप माझ्या मांडीवर होतं. मुरूम बोलत नाही, मुन्नीबाईंचं कुणी ऐकत नाही. दोघांवर ढकललं की झालं! राग अमरावती आली तरी उतरला नाही. उद्या हे रोप सरांच्या टेबलावर ठेवणार आहे. पिशवी मी फाडलेली नाही. ती त्यांनीच फाडावी.