रक्तातल्या चिठ्ठ्या

चार लोकं जमले की कोणीतरी म्हणतंच, "ताई, तुमच्या त्या थुंकीच्या खोलीतलं काही सांगा ना!" आता थुंकीच्या खोलीत सांगण्यासारखं काय असणार? पण असतं बाप्पा! यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नाव कायले पाह्यजे, मी क्षयरोगाच्या लॅबमध्ये बावीस वर्षं बेडके तपासले. किस्से साचत गेले. काही हसत सांगता येतात, काही घशात अडकतात. आज दोन्ही ऐका.

*

पहिला हसण्याचा. एका आजोबांना डबी दिली आणि बजावलं, "सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून यात बेडका आणा." दुसऱ्या दिवशी डबी काठोकाठ! एका माणसाचा एवढा माल मी कधी पाह्यला नव्हता. विचारलं, तर म्हातारा म्हणतो, "घरात सगळेच खोकलून राह्यले ना बाई. तुमच्या डब्या कायले वाया घालवू? पाचही जणांचं एकातच आणलं!"

आम्ही पोट धरून हसलो. मग त्यांचं अख्खं घर तपासलं, तर तिघांना क्षय निघाला. त्यातली नात चार वर्षांची होती. एरवी मी हा किस्सा डबीपाशीच थांबवते.

*

आमच्या जीपवर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, क्षयरोग. कुठल्या शहाण्याला सुचलं कोण जाणे! ती जीप ज्या दारात थांबली, त्या दाराशी दुसऱ्या दिवसापासून कोणी पाणी पीत नाही. म्हणून आम्ही गाडी मारुतीच्या देवळापाशी ठेवतो आणि पायी जातो.

एका गावात पुजारीच धावत आला. "ताई, गाडी हलवा. लोकं म्हणून राह्यले, मारुतीले टीबी झाला!"

*

मग आमच्याकडं रिसर्चवाल्या मॅडम आल्या. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांचा विषय आरएनएचे बारके तुकडे. मला काही समजेना, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं. आपल्या पेशींमध्ये हे तुकडे चिठ्ठीसारखे फिरतात आणि कुठलं काम थांबवायचं ते सांगतात. क्षयाचा जंतू पेशीत शिरला की या चिठ्ठ्यांमध्येच गडबड करतो. मग त्याला मारायचं काम बंद पडतं आणि हा आत आरामात बसून राहतो. खोकला सुरू व्हायच्या आधीच रक्तात हा बदल दिसतो का, ते मॅडमना शोधायचं होतं. त्यासाठी रुग्णांच्या घरच्यांचं रक्त पाहिजे होतं.

समोर वामनराव बसले होते. आमचे जुने पेशंट, स्वतःची तूर आणि कापूस पिकवणारे, औषध घेऊन नुकतेच बरे झालेले. ते म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी वाचता येते, तर खोडता बी येत असंन?"

मॅडमनी पेन बंद केलं. "अजून नाही, काका," एवढंच म्हणाल्या.

*

वामनरावांच्या घरी रक्त घ्यायला मीच गेले. फॉर्म त्यांच्या बायकोच्या, वच्छलाबाईंच्या नावाचा होता. त्यांनी सही केली, हात पुढं केला आणि सुई पाहून जे डोळे फिरवले की बस! पाणी मारून उठवावं लागलं.

तेवढ्यात लेक पुढं आली, मनीषा. "ताई, बाबा बिमार होते तवा त्यांच्यापाशी मीच बसत होती. मले भेव वाटते. माह्यं रगत घ्या, पण नाव मायचं राहू द्या."

वच्छलाबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "लिहा ना ताई. पोरीचं लग्न ठरलं राळेगावकडं. तिचं नाव टीबीच्या कागदावर आलं तर मोडन."

डबीवर नावाची वेलांटी चुकली तरी शिपायाला झापणारी बाई मी. पण पोरीच्या हातावर लग्नाच्या काकणांची मापं घेतल्याचे वळ होते, आणि मला दया आली. शिवाय वाटलं, रिसर्चचंच तर रक्त आहे, त्यावर कोणाचं काय अडणार! रक्त मनीषाचं घेतलं, नाव वच्छलाबाईंचं लिहिलं. बर्फाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

*

लग्न पार पडलं. मी जेवूनही आले. त्यानंतर मॅडमचा फोन.

"ताई, वच्छलाबाईंच्या रक्तातल्या चिठ्ठ्या पेशंटसारख्या दिसतात. यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही. पण त्यांना लवकर तपासा."

फोन ठेवून सरळ वच्छलाबाईंकडं गेले आणि सांगितलं. त्या एसटीनं लेकीकडं जाऊन आल्या. पिशवीत पातळाच्या घडीत गुंडाळलेली, लेकीच्या बेडक्याची डबी. मनीषाला खोकला सुरू झालाच होता. मशीननं जंतू दाखवले.

"तिला घेऊन या," मी म्हटलं. "तिचं नाव लिहू, मी स्वतः सासरी समजावते."

"टाकून देतीन वो तिले! लग्नाले तीन महिने नाही झाले." बाईंनी माझे पाय धरले. "औषध मी नेतो. माह्याच नावानं द्या."

आणि मी पुन्हा लिहिलं. रजिस्टरमध्ये, माझ्या अक्षरात, वच्छला. पहिल्यांदा लिहिलं ती चूक होती. दुसऱ्यांदा मला सगळं माहीत होतं.

*

वच्छलाबाई महिन्याला गोळ्या नेत. लेक त्या सासरी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवी आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून घेई.

मध्येच मॅडम म्हणाल्या, "उपचारानं चिठ्ठ्या बदलतात का पाहू. वच्छलाबाईंचं पुन्हा रक्त पाठवा." आता मनीषा कुठून आणू? या वेळी वच्छलाबाईंनीच डोळे मिटून हात दिला. धडधाकट बाई! रिपोर्ट एकदम साफ आला.

मॅडम पेढे घेऊन आल्या. "ताई, पाहिलंत? चिठ्ठ्या पूर्ववत झाल्या! औषध काय सुंदर लागू पडलंय!"

मी पेढा खाल्ला. लाज वाटायला पाहिजे होती, वाटलीही, पण खाल्ला. तोंड उघडलं असतं तर पोरीचं नाव बाहेर आलं असतं, आणि माझी नोकरी गेली असती, हेही खरंच सांगते.

*

या गोळ्यांनी लघवी लालसर होते. आम्ही प्रत्येक पेशंटला सांगतो, घाबरायचं नाही. पण सासूला कोण सांगणार? तिनं मोरीत पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "पोरीले काय लागलं वो! रगत जाते!" एका वैदूकडं नेलं. त्यानं उष्णता म्हणून काढा दिला. पकडली जाईन या भीतीनं मनीषानं गोळ्याच बंद केल्या. लघवी साफ झाली. सासूनं सगळ्या गल्लीत सांगितलं, काढ्याचा गुण आला म्हणून!

वच्छलाबाईंकडून हे कळल्यावर मी एसटी पकडून गेले. मायची मैत्रीण म्हणून चहा घेतला. मनीषा नुसती हाडं राहिली होती. मला स्टँडवर सोडायला आली.

"मनीषा, आत्ताच चल माझ्यासोबत. नाव गेलं खड्ड्यात!"

"ताई, तुम्ही जासान, मले तं इथंच नांदायचं हाये ना." माझ्या पिशवीचा बंद सुटला होता, तो तिनं बांधून दिला. "गोळ्या घेतो. खरंच घेतो आजपासून."

मी बसमध्ये चढले. हात धरून ओढायला पाहिजे होतं तिला. आजही कधी कधी जेवताना घास हातातच राहतो.

*

कापूस वेचणी चालू असताना ती रक्त ओकली आणि दोन दिवसांत गेली. सासरच्यांनी तापानं गेली म्हणून सांगितलं. चांगले रडले ते, खोटं कायले बोलू.

तेरवी झाली आणि वच्छलाबाई लॅबच्या खिडकीशी आल्या. अंगावर डबी गुंडाळून आणली होती तेच पातळ. मला वाटलं, मला शिव्या द्यायला आल्या, आणि मी ऐकून घ्यायला उभीही राहिले.

त्यांनी उरलेल्या गोळ्यांची पाकिटं फळीवर ठेवली. मग रजिस्टरकडं बोट केलं.

"माह्यं नाव काढा."

मी पान काढलं. शेवटचा रकाना रिकामा होता. बरे झाले, औषध सोडलं, मृत्यू, यातलं एक भरायचं असतं. मी म्हटलं, "औषध सोडलं लिहिते, बाई. काही अडणार नाही."

"नाही ताई." त्यांनी खिडकीतून हात आत घालून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "मेली लिहा."