चाळिशीतला स्ट्रायकर

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सगळा गाव क्रिकेटवेडा, हा मात्र परदेशातल्या फुटबॉलचा वेडा. बोलताना दर वाक्याच्या शेवटी पाना पत्र्यावर आपटतो.

सध्या त्याचा राग एकाच गोष्टीवर आहे. त्याच्या आवडत्या क्लबनं चाळिशीतल्या स्ट्रायकरचा करार वाढवला, तोही पूर्वीच्याच पैशात. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी जाब मलाच विचारतो. "कावून वाढवला करार, सांगा ना गुरुजी? गडी लई मोठा होता, मानलं. पण आता पळणं होईना त्याच्यानं. ह्यो धंदा हाय, खैरात न्हाई."

दुकानात एक चाचा बसतात. यानं काम शिकलं ते त्यांच्याच हाताखाली. हात थरथरतात म्हणून चाचा आता पाना धरत नाहीत. पगार मात्र पुरा. दुरुस्त झालेल्या गाडीला पहिली किक त्यांनीच मारायची, हा तिथला रिवाज.

काल माझी गाडी झाली तेव्हा चाचा नमाजला गेले होते. यानं ती गुपचूप दुकानामागं नेली, चालू केली, चांगली तापू दिली आणि बंद करून पुन्हा दारात आणून लावली.

चाचा आले. त्यांनी पाय कसाबसा किकवर ठेवला, जरासा दाबला आणि गाडी सुरू झाली.

"बघितलं, गुरुजी? चाचात आजून दम हाय."

"मग त्या स्ट्रायकरचं काय?" मी विचारलं.

तो फडक्याला हात पुसत राहिला. "त्यो क्लब येडा हाय," म्हणाला.