बाबांच्या वाट्याची लाल भाजी

भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॉकाटील भिलाईच्या घरी राहिला. राखाडी अंगाचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला हा छोटा विदेशी पोपट. बाबा नुकतेच स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते. आधी ते त्याला 'तुमचं पाखरू' म्हणायचे, मग 'आपला गडी' म्हणू लागले. तो पिंजऱ्याबाहेर आला की कुणी चुकून पंखा लावू नये म्हणून बटणावर लाल पट्टी चिकटवायचे. प्लांटमध्ये बंद मशीनवर लावतात तशी. मे महिन्यात घामाघूम होऊन बसायचे, पण पट्टी काढू द्यायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात गडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसायला लागला. श्वास घेताना त्याची शेपटी वरखाली व्हायची. बाबांनी पिंजऱ्याला शाल गुंडाळली आणि आम्ही ऑटो करून दुर्गच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"काय खातो?" त्यांनी विचारलं.

"सूर्यफुलाच्या बिया. पोटभर," बाबा अभिमानानं म्हणाले.

तेच चुकत होतं. नुसत्या बियांनी त्याच्या यकृतावर चरबी चढली होती. डॉक्टरांनी औषध दिलं, त्याला उबेत ठेवायला सांगितलं. बिया एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, रोज वजन बघायचं आणि पालेभाजीची सवय लावायची.

"पण तो तोंड लावणार नाही. तुम्ही त्याच्यासमोर खा. हे थव्यातले पक्षी, दुसऱ्यानं खाल्लं की यांना भरवसा येतो."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा पोह्यातली कोथिंबीरसुद्धा वेचून ताटाच्या कडेला ठेवणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसले. हातात वाटी, वाटीत धुतलेली कच्ची लाल भाजी, म्हणजे लाल माठ. एक पान तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले.

"घे ना रे. मी खाऊन राहिलो ना."

गड्यानं पाठ फिरवली.

"मी इतकी वर्षं सांगून राहिली, तं माझ्यासाठी एक घास खाल्ला नाही," आई दारातून म्हणाली.

"तुयी तब्येत चांगली हाय," बाबा म्हणाले आणि दुसरं पान उचललं.

असे कितीतरी दिवस गेले. औषधानं त्याचा श्वास सुधारला, पण पाल्याला तो शिवेना. मग एका सकाळी बाबांच्या ओठांतून देठ बाहेर लोंबत होता, तेव्हा तो सरकत सरकत जाळीपाशी आला, मान वाकडी करून बघत राहिला आणि त्यानं देठाचं टोक कुरतडलं. बाबा हलले नाहीत. देठ संपल्यावरच स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले,

"अवं, खाल्ली त्यानं."

आता गडी घरभर उडतो. सकाळी दोघं एकाच वाटीतून लाल भाजी खातात. आईनं एकदा लसणाची फोडणी देऊन तीच भाजी बाबांच्या ताटात वाढली, तर त्यांनी ती हळूच बाजूला सारली.